शंभर नको, घर धर

ईरा आणि अर्णव,

परवा ईराने वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले. साखरेचा भाव पंचवीस टक्क्यांनी वाढला. खर्च तेवढाच राहावा म्हणून वापर किती टक्क्यांनी कमी करावा? तिने पंचवीस लिहिले होते, बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती, आणि ईराला तो अन्याय वाटत होता. तुमचे आजोबा बाजूने पटकन म्हणाले, वीस. कसे, ते मात्र त्यांना सांगता येईना. सूत्र आठवून पाहिले, अर्धे आठवले, मग चार्जिंग संपत आले म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात देऊन टाकला.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. गणिताशी माझे कधी जमले नाही. पण हे एक गणित मला येते, आणि ते बिसेन सरांमुळे येते. ईरा, तुला मी त्या दिवशी फोनवर जे सांगितले ते त्यांचेच. बाकीचे फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसले.

सरांना तुम्ही पाहिले आहे. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा आपल्या कुडव्याच्या घराच्या पोर्चमध्ये फळ्यासमोर उभे असायचे ते उंच, थोडे वाकलेले गृहस्थ. अर्णवला त्यांनी विचारले होते, "तुझ्या घरात कोण कोण आहे?" आणि अर्णवने आई, बाबा, ताई असे मोजून शेवटी कुत्र्याचेही नाव घेतले होते. सर खूश झाले. म्हणाले, "बरोबर. तोही खातो ना. मग तो हिशेबात आलाच पाहिजे."

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. तो त्यांचा नमस्कार नव्हता, शिकवण्याची पद्धत होती. शेकडेवारीचे कुठलेही उदाहरण आले की पोरे 'समजा शंभर' म्हणून सुरुवात करायची, तशी सगळ्यांनाच सवय असते. सर खडू खाली ठेवायचे.

"शंभर नको धरू. घर धर."

मग फळ्यावर एक घर निघायचे. वर दोन तिरप्या रेघा म्हणजे छप्पर, खाली चौकट. चौकटीत माणसे: माय, बाप, आजी, दोन पोरे. "आता सांग, या घरात साखर किती लागते?" कोणी म्हणायचे पाच किलो. "भाव काय?" चाळीस. "मग खर्च?" दोनशे. "आता भाव पन्नास झाला. घरात पैसे दोनशेच. किती येईल?" चार किलो. पाचातला एक गेला, म्हणजे वीस टक्के. ईरा, तुला मी हेच सांगितले. भाव चढताना चाळिसाच्या पायरीवरून मोजला, म्हणून दहा म्हणजे चौथा भाग. वापर उतरताना पाचाच्या पायरीवरून मोजला, म्हणून एक म्हणजे पाचवा भाग. ज्या पायरीवर उभे आहोत तिथून मोजायचे, एवढेच.

पण सरांचे गणित इथे संपत नसे. उत्तर आले की ते फळ्यावरच्या घराकडे वळायचे आणि विचारायचे, "कोणाचा चहा फिका झाला?"

*

सर आमच्याकडे आले ते शेजारी म्हणून. मागच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर. पत्नी आधीच गेलेल्या, मुलगा रायपूरला नोकरीत. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी कोहमाऱ्याच्या बाजूच्या शाळेत काढली होती. निवृत्तीनंतर कुडव्याला आले आणि घरी पाच-सात पोरांना भरतीच्या परीक्षेचे गणित शिकवू लागले. पोरे वाढली, खोली पुरेना. आपण तेव्हा गाडी विकली होती आणि पोर्च रिकामे होते. आजोबांनीच त्यांना सांगितले की फळा इकडे आणा. सर म्हणाले, भाडे घ्याल तर आणतो. आजोबा म्हणाले, भाडे नको. तेव्हा सरांनी जे ठरवले ते शेवटपर्यंत पाळले: रोज वर्ग सुटला की पोर्च स्वतः झाडायचे. पोरांनी झाडू मागितला तरी द्यायचे नाहीत. म्हणायचे, भाडं मी देऊन राहिलो, तुम्ही कायले मधात येता.

पोर्चला लागूनच माझे स्वयंपाकघर, त्यामुळे मी त्या वर्गाची न नोंदवलेली विद्यार्थिनी झाले. पोळ्या लाटता लाटता किती साखर, किती गहू, किती रॉकेल महाग झाले ते ऐकत असे. सरांची आणखी एक लकब मला खिडकीतून दिसायची. प्रश्न फळ्यावर लिहिला की ते भिंतीला टेकून उभे राहत. एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर उत्तर उमटले की ते नेमके त्यांना कळे. ते पोर तोंड उघडणार, इतक्यात सरांचे बोट वर जायचे. खडूने पांढरे झालेले, लांब, उजव्या हाताचे बोट. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता: तुला आलं, मला कळलं, आता बोलू नको, बाकीच्यांना काढू दे. उत्तर आलेले पोर मग ओठ दाबून बसायचे आणि त्याला ते उत्तर सांगण्यापेक्षा जास्त आवडायचे. शाबासकी म्हणून सरांनी कधी काही दिले असेल तर ते बोटच.

चहा ते फिका घेत. मधुमेह नव्हता. पहिल्या दिवशी मी साखरेचे विचारले तर म्हणाले, "नाही घेत. पहिल्यापासूनच." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे विचारण्याइतकी ओळख तेव्हा नव्हती.

खर्चाच्या बाबतीत फार काटेकोर. कंजूस म्हणणारेही होते. पेन्शनीचे त्यांनी वाटे पाडलेले असत: घर, औषध, वर्गाची पुस्तके, आणि एक वाटा फिरण्याचा. फिरण्याच्या वाट्यात काय यायचे तर महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने कोहमाऱ्याला जाणे. तिथे हायवेच्या चौकात टेकलाल नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा ढाबा आहे. तिथे बसून आलूबोंडा आणि वर तर्री खायची, जुनी पोरे भेटली तर त्यांच्याशी बोलायचे, ट्रकची ये-जा पाहायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. शनिवारपासूनच त्यांचा चेहरा बदललेला असायचा. आजोबा चिडवायचे, "सर, गोंदियात आलूबोंडा मिळत नाही का?" सर म्हणायचे, "मिळतो, साहेब. पण तो खाताना कोणी मले ओळखत नाही."

एकदा दिवाळीच्या आधी मी साडी घ्यायला बाजारात निघाले तेव्हा सरही त्यांच्या कामाने बरोबर होते. दुकानाबाहेर मोठी पाटी होती, वीस टक्के सूट. दुकानदार गोंदियाचाच, बोलणे हिंदीतून. त्याने सरांना ओळखले आणि आपणहून कबुली दिल्यासारखे सांगितले, "मास्साब, आपसे क्या छुपाना. सीज़न में बीस परसेंट बढ़ाया था, अभी बीस परसेंट छोड़ दिया. पुराने दाम पे आ गया."

सर स्टुलावर बसले होते. म्हणाले, "पुराने दाम पे नहीं आया, सेठ. सौ की साड़ी एक सौ बीस की. उसपे बीस परसेंट गया तो छियानबे. सैकड़े पे चार रुपया तुम जेब से दे रहे हो."

दुकानदाराने कॅल्क्युलेटर ओढला, बोटे चालवली, शहाण्णवच आले.

"घाटे में बेच रहे हो तो मैं मॅडम को दो साड़ी लेने बोलता हूँ," सर म्हणाले. "और घाटे में नहीं हो, तो बढ़ाया बीस से जास्ती था."

दुकानदार इतका हसला की गल्ल्यावरचा त्याचा भाऊ उठून आला. मला भावात काही सूट मिळाली नाही, चहा मात्र मिळाला. सरांनी तिथेही फिका मागवला.

*

आता पायलची गोष्ट.

पायल नागऱ्याहून यायची. जुन्या शंकराच्या देवळापासून थोडे आत तिचे घर. वडील सुखदेव, एका राईस मिलमध्ये काट्यावर कामाला. घरात पाच माणसे: आईवडील, आजी, पायल आणि आयटीआयला जाणारा धाकटा भाऊ. पायल पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात ती सगळ्यांच्या पुढे. पहाटे नागऱ्याच्या रस्त्यावर धावायची म्हणे, तर सायकलवाले मागे पडायचे. पण लेखी परीक्षेत गणिताने तिला मागच्या वर्षी अडवले होते, तेही थोडक्या गुणांनी. वडिलांनी तिला आणखी एक वर्ष दिले होते. एकच. यंदा झाले तर झाले, नाहीतर सोयरीक पाहायची, असे घरात ठरले होते. हे तिने रडून वगैरे नाही सांगितले. पोर्चमध्ये चपला काढता काढता एका मैत्रिणीला सांगत होती, तसे मी ऐकले.

ती माझ्या नजरेत आली ती साखरेच्या गणिताने. सरांनी नेहमीसारखे फळ्यावर घर काढले, वीस टक्के उत्तर निघाले, आणि त्यांनी विचारले, "कोणाचा चहा फिका झाला?" पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला, "सगळ्यांचाच, सर. थोडा थोडा."

"असं घर मले दाखव. मी पाहायले येतो," सर म्हणाले.

पोरे हसली. मागून पायल म्हणाली, "मायचा."

सरांनी फळ्याकडे पाहिले, चौकटीतली पहिली आकृती, मायची, बोटाने थोडी पुसली आणि म्हणाले, "पुढचं घ्या." त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्यांना चहा दिला तेव्हा साखरेचे नावही काढले नाही. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे विचारायचे आता उरले नव्हते.

त्यानंतर पायलला गणित येऊ लागले. एकदम नाही. आधी ती वहीत घरे काढू लागली. वहीच्या समासात छपरेच छपरे. मग उत्तरे यायला लागली. आणि एक दिवस सरांचे बोट तिच्याकडे बघून वर गेले. ती ओठ दाबून बसली होती आणि कानापर्यंत लाल झाली होती.

मग ऑटोचे भाडे वाढले. जाऊन-येऊन चाळीस होते, ते पन्नास झाले. आठवडाभरात पायल वर्ग सुटल्यावर थांबली. सर झाडू घेऊन पोर्च झाडत होते.

"सर, आता शुक्रवारी नाही येणार मी."

"काऊन?"

"भाडं वाढलं. बाबांनी गणित केलं."

"कोणतं?"

"तुमचंच, सर."

सर झाडू हातात घेऊनच पायरीवर बसले. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पाच दिवसांचे दोनशे जात होते; आता चार दिवसांचे दोनशे. खर्च तेवढाच. पायल म्हणाली, शुक्रवारचे मी दुसऱ्यांकडून उतरवून घेईन. सर म्हणाले, हो. ती गेल्यावर मी खिडकीतून विचारले की झाले तरी काय, एकच दिवस तर आहे. तेव्हा त्यांनी सांगितले की पुन्हा भाडे चढले की तीन दिवस होतील, मग दोन. प्रत्येक वेळी उत्तर बरोबरच असेल. आणि घरी राहिलेली पोरगी अभ्यासाला राहत नाही, ती घरच्या कामाला राहते.

त्या रविवारी ते नागऱ्याला निघाले आणि मला म्हणाले, तुम्ही पण चला, पोरीच्या घरी जाऊन राहिलो, सोबत बाईमाणूस असलेलं बरं. आम्ही मुद्दाम ऑटोनेच गेलो. भाडे त्यांनी दिले आणि सुटे मोजून खिशात ठेवले.

सुखदेवने आम्हाला ओसरीत बसवले. बाज टाकली, त्यावर धुतलेली चादर. त्याची आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. पायल पाणी देऊन आत गेली, पण दाराआड उभी आहे हे कळत होते. सर इकडचे तिकडचे फार बोलले नाहीत. गणित बरोबर आहे, असे त्यांनी आधीच कबूल केले. मग म्हणाले, "पण सुखदेवभाऊ, 'खर्च तेवढाच राहिला पाहिजे' ही अट पुस्तकात छापलेली असते. घरात ती कोण देते, ते पाहा."

मला वाटले, आता हा माणूस विरघळेल. इतकी वर्षे शिकवून मलाही वाटायचे की नेमके बोललेले वाक्य माणसाला बदलते.

सुखदेव रागावला नाही. तो खाली मान घालून बोलला. "अट मी नाही देली जी, सर. मिलनं देली. माहा पगार वाढला असता तं मी तिले सहाव्या दिवशीही पाठवली असती." मग त्याने हात ओसरीवरून फिरवला. "तुम्हीच सांगा, कोणाचं कमी करू. मायचं औषध करू? पोराचा बसचा पास करू? बायकोचं तं काही उरलंच नाही कमी करायले."

कोपऱ्यात म्हातारीचे सूप थांबले होते.

वर्षानुवर्षे जो प्रश्न सर फळ्याजवळ उभे राहून पोरांना विचारत आले, तो आज त्यांना विचारला गेला होता, आणि घर खडूने काढलेले नव्हते. त्यांनी ओसरीतल्या एकेका माणसाकडे पाहिले. दाराकडेही. मग म्हणाले, "माझ्याजवळ याचं उत्तर नाही, भाऊ." पाण्याचा पेला संपवला आणि उठले. सुखदेव आम्हाला ऑटोपर्यंत सोडायला आला. कुडव्याला उतरल्यावर भाडे देताना सर म्हणाले, "खोटं नाही बोलला तो."

*

सोमवारी वर्गात सरांनी सांगून टाकले की शुक्रवारी इथे वर्ग होणार नाही, गुरुवारी जास्त वेळ बसू. शुक्रवारी मला नागऱ्याला काम असते, असेही म्हणाले. पोरांनी कुरकुर केली. काय काम, असे एकाने विचारलेच. सर म्हणाले, "दर्शन."

हे ऐकून आजोबांना राहवले नाही. सर देवळात जाणाऱ्यांतले नव्हते. आजोबा म्हणाले, "सर, एकदम शंकराचे भक्त?"

"वय झालं, साहेब. आता पाहून राहिलो, कोण कामात येते."

शुक्रवारी दुपारी त्यांची जुनी मोपेड आपल्या फाटकावरून जायची. पाठीला पिशवी, पायाशी दुमडून बांधलेला छोटा फळा, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली कानाला रुमाल. सुखदेवच्या ओसरीत वर्ग भरायचा. पायल आणि आजूबाजूच्या आणखी तीन मुली, ज्या कुडव्यापर्यंत कधी आल्याच नसत्या. सुखदेवला त्यांनी काय सांगितले, तर नागऱ्याच्या बाजूला पोरी फार आहेत, तुमची ओसरी मोठी आहे, देता का? उपकार केल्यासारखे नाही, मागितल्यासारखे. पायलची आजी शुक्रवारी ओसरी सारवून ठेवायची. सर तिथेही जाताना झाडून जायचे, असे पायलने मला सांगितले. म्हातारीला ते अजिबात आवडायचे नाही.

घरातली अट त्यांना बदलता आली नव्हती. भाव बदलता आला. पायलसाठी शुक्रवारचा भाव त्यांनी शून्य केला. हे मी आज इतके सरळ लिहिते आहे. तेव्हा मला एवढेच वाटले की म्हाताऱ्याने स्वतःचे पाय दुखवून घेतले.

त्याच सुमाराची गोष्ट. महिन्याचा पहिला रविवार होता आणि सर पोर्चमध्ये फळ्याला काळा रंग देत बसले होते. मी विचारले, "कोहमाऱ्याला नाही गेलात?"

"भाव वाढला, मॅडम," ते म्हणाले आणि ब्रश बुडवला.

मला ते खरे वाटले. सगळ्याचेच भाव वाढत होते. पुढच्या महिन्यातही ते गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही. शनिवारचा तो बदललेला चेहरा दिसेनासा झाला. आजोबांनी एकदा चौकातून आलूबोंडे आणले आणि त्यांना बोलावले. सरांनी एक खाल्ला, चांगला आहे म्हणाले. दुसऱ्याला हात लावला नाही.

पायलचा निकाल लागला तेव्हा ती आधी आपल्याकडे आली. सर फळा पुसत होते. ती चपला न काढताच पायरीवर उभी. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बोट वर केले. ती हसली आणि मग रडली. मागाहून सुखदेव पेढ्याचा पुडा घेऊन आला, मिलच्याच कपड्यांत. त्याने सरांच्या पायांना हात लावायला वाकून पाहिले, सरांनी त्याला खांद्याला धरून वर घेतले आणि विचारले, "आता अट कोण देईल घरात?" सुखदेव म्हणाला, "आता तीच देईल जी. आम्ही ऐकून राहू."

*

त्यानंतर सरांचे गुडघे फारच बिघडले. मोपेड विकली. रायपूरहून मुलगा आला आणि म्हणाला, आता एकटे राहायचे नाही. सरांनी वाद घातला नाही. फळा त्यांनी आपल्याच पोर्चमध्ये ठेवला आहे. त्यावर अजून एक घर अर्धवट पुसलेले आहे, आणि ते मी कामवाल्या बाईला पुसू देत नाही.

ते निघाले त्याच दिवशी मला साकोलीला तुमच्या आत्याआजीकडे जायचे होते. मुलगा म्हणाला, कोहमाऱ्यापर्यंत आमच्याबरोबर चला, तिथून साकोलीची गाडी मिळेल, आम्ही देवरीकडून रायपूरला जाऊ. गाडीत सर पुढे बसले होते. गोरेगाव मागे पडल्यावर ते सरळ होऊन बसले. शनिवारचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी पाहिला.

टेकलाल ढाब्यातून हात पुसत धावतच आला. त्याने गाडीचे दार उघडले, सरांना धरून बाकापर्यंत नेले, आणि न विचारता आलूबोंड्याची प्लेट पुढे ठेवली, वर लाल तर्री. सरांचा चहाही फिकाच आला. मग तो समोर उभा राहिला आणि रुसलेल्या माणसासारखा बोलला.

"लय दिवस झाले जी, सर. काऊन नाही येऊन राहिले होते?"

"भाव वाढला होता, टेकलाल."

टेकलाल खरेच दुखावला. "आमचा नाही जी वाढला. तोच भाव आहे. कोणालेही विचारा. एसटीचंही भाडं तेवढंच आहे."

सर खात होते.

मी प्लेटकडे पाहिले. भाव वाढला होता हे खरे. इथला नव्हता वाढला. महिन्याचे चार शुक्रवार, नागऱ्यापर्यंत आणि परत, मोपेडचे पेट्रोल. आणि महिन्याचा एक रविवार, एसटीचे तिकीट आणि ही प्लेट. फिरण्याचा वाटा तेवढाच ठेवायचा, ही अट त्यांची त्यांनीच घातलेली. सुखदेवच्या ओसरीत त्यांना जे उत्तर देता आले नव्हते, ते त्यांनी घरी येऊन स्वतःच्या घरात काढले होते. त्या घरात माणूस एकच होता, त्यामुळे कोणाचे कमी करायचे हा प्रश्नच नव्हता.

मी तोंड उघडले. मला वाटते मी "सर, म्हणजे तुम्ही" एवढे म्हणालेही. त्यांनी प्लेटमधून मान वर केली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांचे बोट वर गेले. खडू नव्हता. तर्रीचा लाल रंग होता बोटाला.

मी ओठ दाबून बसले.

त्यांचा मुलगा फोनवर बोलत होता, टेकलाल दुसरी प्लेट आणायला वळला होता. दोघांनाही काही कळले नाही. सरांनी दुसरी प्लेटही खाल्ली, सावकाश, ट्रक पाहत. पैसे घेण्यावरून टेकलालशी त्यांचे चांगलेच वाजले आणि शेवटी सर जिंकले. मग गाडी चौकातून देवरीच्या रस्त्याला वळली. मागच्या काचेतून त्यांच्या डोक्याचा पांढरा भाग तेवढा दिसला. ते समोर पाहत होते.

मी साकोलीच्या गाडीची वाट पाहत त्याच बाकावर बसले होते, तेव्हा पायलचा फोन आला. ती ट्रेनिंगला आहे, तिला ठरलेल्या वेळीच बोलता येते. सर नीट निघाले का, पाय फार दुखत होते का, असे तिने विचारले. मी सांगितले. मग ती म्हणाली, "मॅडम, कोहमाऱ्याले थांबले का जी ते? आलूबोंडा खाल्ला का?"

मी म्हटले, हो. दोन प्लेट.

"बरं झालं," ती म्हणाली.

तिने हे का विचारले, ते मी विचारले नाही.

तुमची आजी